ब्रेक दाबला की डावीकडे

रत्नागिरी, ९ मार्च

प्रिय राकेश,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, आप्पा ठणठणीत आहेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही भाकरी करपली तर ताट सरकवतात, म्हणजे तब्येतीला काही झालेलं नाही. गॅरेज चाललंय. आणि खरी बातमी ही की आप्पांची जीप ताडपत्रीखालून बाहेर आली. यंदाच्या जयंतीला बाबासाहेबांची तसबीर तिच्यावरूनच निघाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मिलिटरीत जन्मभर ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर मिलिटरीच्याच लिलावातून ती हौसेने घेतलेली. त्यांच्यापुढे माझं काय चालतंय?

इंजिन बिचारं गुणाचं. अठरा वर्षं उभं राहूनही चौथ्या दिवशी बोललं. रोग सगळा पुढच्या चाकांत. तीसच्या वर नेली की स्टिअरिंग हिव भरल्यासारखं थरथरायचं आणि ब्रेक दाबला की गाडीचं नाक डावीकडे. आप्पा खुर्ची टाकून समोर बसले आणि मिलिटरीत शिकवतात तसा क्रम लावून दिला. सोप्यापासून सुरू करायचं, आणि एक तपासून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आधी टायरची हवा, मग चाकांची बेअरिंगं. टायरॉडचे एंड एवढे झिजले होते की चाक हाताने हलवलं तरी खडखडायचं, ते नवे घातले. चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनची बेअरिंगं बदलली आणि थरथर गेली. आप्पांनी पेढे मागवले. पण डावीकडे जाणं काही थांबेना. ब्रेकचे लायनर दोन्हीकडे सारखे केले, स्टिअरिंग बॉक्समधली ढिलाई काढली, तरी तेच. एका दिवसाच्या कामाला मी तीन-तीन दिवस लावत होतो. हात एवढा जड झालाय का रे तुझा, असं आप्पांनी विचारलंसुद्धा.

तुझा हात मात्र हलका होता. जयंतीला तसबीर वर, आप्पा शेजारी आणि पुढे लेझीम, अशी ती जीप तू माणसाच्या चालीने तीन-तीन तास न्यायचास, पण कुणाला धक्का म्हणून जाणवायचा नाही. ह्याच्या हातात गाडी म्हणजे पाळणा, असं आई म्हणायची. मस्तीही होती म्हणा, गॉगल लावल्याशिवाय स्टिअरिंग धरायचा नाहीस. जयगडला तेव्हा बंदराचं काम निघालं होतं आणि ड्रायव्हरांत तुझं नाव लागल्यात जमा होतं. मी तुला वरवर टोचायचो, पण गिऱ्हाइकांना सांगताना माझी छाती फुगायची.

त्या वर्षी जयंती झाली आणि आठवड्याभरात, जयगडहून आप्पांना घेऊन येताना, उतारावर जीप डाव्या अंगाच्या दगडी गडग्यावर गेली. चिऱ्याचे दगड पुढची काच फोडून शेजारच्या सीटवर आले आणि आप्पांचा पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्याच्या पायरीवर सगळी वाडी जमली होती. तू मला म्हणालास, "दादा, मी वळवली नाही, तीच ओढली." त्यावर मी काय बोललो ते तू विसरला नसशील. गाडी माझ्या हातची आहे, गाडीत दोष नाही, असं मी सगळ्यांदेखत ठणकावून सांगितलं. माझ्या शब्दाला वजन होतं. महिन्याभराने तू डोंबिवली गाठलीस. आता गोदामात नोकरी करतोस, आणि रिक्षात पुढे बसायची वेळ आली तर ती रिक्षा सोडतोस, हे मला तुझ्या लेकीने, दीक्षाने सांगितलं. आई गेली त्या वेळी आलास तेव्हा आप्पांची काठी बघून तू जी मान खाली घातलीस, ती तिसऱ्या दिवशी एसटीत बसेपर्यंत वर केली नाहीस.

गेल्या सोमवारी आप्पा म्हणाले, आता पाटे काढ. पुढच्या चाकांवरचे ते दोन पाटे, ज्यांच्यावर गाडी तोललेली असते, ते दिसायला जुळे भाऊ. पण ह्या जीपला ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि पेट्रोलची टाकीही त्याच्याच सीटखाली, म्हणून डाव्या पाट्याच्या पट्ट्या जाड असतात. आमच्या गॅरेजात येणाऱ्या यच्चयावत गाड्यांचा ड्रायव्हर उजवीकडे. त्या वर्षी जयंतीच्या आधी मी दोन्ही पाटे बुश बदलायला उतरवले होते. परत चढवताना हाताने सवयीने काम केलं आणि जाड पाटा उजवीकडे गेला. मिरवणुकीच्या चालीत ते कळायचं कारणच नव्हतं. उतारावर तू ब्रेक दाबलास, डावीकडचा मऊ पाटा बसला आणि गाडी तिकडे गेली. तू खरं तेच सांगत होतास, राकेश.

इथवर वाचून तुला वाटेल की दादाला हे सोमवारी कळलं. तसंच लिहून मोकळं व्हावं, असं माझ्याही मनात येऊन गेलं. पण ते खोटं आहे. अपघातानंतर आठव्या दिवशी मी तिच्याखाली शिरलो होतो आणि तेव्हाच पाहिलं. आधी म्हटलं आप्पांचं प्लास्टर निघू दे, मग म्हटलं गिऱ्हाइकं काय म्हणतील, मग तू निघूनच गेलास. पाटे बदलले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून तसेच ठेवले आणि वर ताडपत्री ओढली. भित्रा निघाला तुझा दादा. सोमवारी सगळं आप्पांपुढे ओकलो. ते बराच वेळ त्या पाट्यावर बोट फिरवत बसले, मग म्हणाले, "माझा पाय मोडला तो जुळला रे. पोराचे हात मोडलेस, त्याचं काय?" मी तुला लावायला फोन उचलला तर काठी आडवी घातली. फोनवर रडशील आणि सुटशील, म्हणाले, लिहून दे, त्याच्या हातात राहू दे. म्हणून हे पत्र. काल समाजाच्या बैठकीत त्यांनी मला उभं केलं, आणि ज्यांच्यादेखत मी तुला खोटं पाडलं होतं, त्यांच्यादेखत मी हे सगळं सांगितलं. मला माफ कर असं म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. जीप यंदा कोण चालवणार असं कुणीतरी विचारलं, तर आप्पा म्हणाले, राकेश येईल. नाही आला तर तसबीर खांद्यावरून नेऊ, पण गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. तुझं लायसन केव्हाच संपलं असेल, ते आधी बघ. पाटे अजून जमिनीवरच आहेत. आप्पांनी मला चढवू दिले नाहीत. तू ये, कुठला कुठे जातो ते डोळ्यांनी बघ, हाताने दाबून बघ, आणि मगच स्टिअरिंगला बस. आप्पा शेजारी बसणार आहेत.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
धोंडूदादा