मोकळं सोडलेलं टोक

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरताना मात्र कुरकुरतो. मी सकाळी घटकाभर देवापुढे बसतो, मग दुकान उघडतो. दाजींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आई गेल्यानंतर सात महिन्यांनी आलं, आणि दोनच ओळींचं. ‘आईच्या हातचं एखादं काम असेल तर पाठव. चिमणीला आजीची आठवण म्हणून जवळ ठेवायचंय.’ मी ते तीनदा वाचलं. लगेच पाठवतो, असं लिहायला बसलो आणि लक्षात आलं की घरात तसं काही नाहीच. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना रफू करणाऱ्या बाईचं काम घरात कसं राहील? ते लोकांच्या अंगावर गावभर फिरतंय.

म्हणून भिंग खिशात टाकलं आणि शोधायला निघालो. खरं सांगतो, दोन दिवस मजा आली. डॉक्टरीणबाईंच्या निळ्या शालीला त्यांच्या यजमानांच्या सिगारेटने भोक पडलं होतं, ते आईने बुजवलं होतं.

“कुठे होतं हो?” मी विचारलं.

“इथेच कुठेतरी. तुमच्या आईनं हात लावला आणि मी विसरून गेले.”

अर्धा तास आम्ही दोघं शाल खिडकीत धरून उभे. ते भोक सापडलं नाही. कसरीने खाल्लेली दोन नवी मात्र सापडली. भरून देतो म्हणालो.

जुने मुख्याध्यापक आहेत ना, त्यांनी कपाटातले तीन कोट पलंगावर पसरले आणि खुर्चीत बसून माझी गंमत बघत राहिले. “आईचा रफू शोधतोस? अरे, सापडला तर तो तिचा कसला!” त्यांचं बरोबर होतं. ती बाहेरचा धागा वापरायचीच नाही. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागा उपसायची, उभ्यात उभा, आडव्यात आडवा विणायची आणि शेवटचं टोक मागे वळवून असं दाबायची की कापडालाही पत्ता लागू नये.

चार-पाच ठिकाणी मात्र बोटाला रफू लागला. प्रत्येक वेळी आनंद झाला, आणि प्रत्येक वेळी भिंग लावल्यावर दिसलं की तो माझा आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, “नाही हो, हा मी आईंच्याच हातात दिला होता.” मी मान डोलवायचो.

इथे मी पेन खाली ठेवून चहा घेऊन आलो. ताई, आता ते लिहितो.

शेवटची तीन वर्षं आईला नीट दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदाच झिजलाय, चष्म्याने काही व्हायचं नाही. ती मात्र रोज सकाळी माझ्यासमोर सुई घेऊन बसायची. तुला ठाऊक आहे ती कशी बसायची, पाय दुमडून, ओठ आत घेऊन. टाके वाकडे पडायचे. कधी भोकाच्या शेजारीच पडायचे. दुपारी तिचा डोळा लागला की मी ते काम उसवायचो आणि नव्याने करायचो. ती उठायच्या आत घडी घालून जागेवर ठेवायचो. तिला कधी कळलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

तू शेवटची आलीस तेव्हा दारातच म्हणालीस, “अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला अजून जुंपलंयस? लाज नाही वाटत?” मी गप्प बसलो. खुलासा करायचा तर मोठ्याने करावा लागला असता, आणि ती आतच होती. तू रागावून गेलीस, आणि पुन्हा आलीस ती सगळं संपल्यावर. निघताना माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं, मी फार मोठं काहीतरी सोसतोय. पण ते पूर्ण खरं नाही. तिचं काम तसंच दिलं तर दुकानाचं नाव जाईल, ही भीतीही होती. उसवताना हात कधीकधी चिडून चालायचा. देवाला हे सांगून झालंय. तुला सांगायचं राहिलं होतं.

आणि मी काय केलं ते बघ. तीन वर्षांचं तिच्या हातचं सगळं काम मीच उसवून टाकलं. आधीचं कुणाला सापडत नाही. चिमणीला काय पाठवू?

शेवटी कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांचं वय ब्याऐंशी. माझं बोलणं निम्मं ऐकून त्यांनी अंगातला करडा कोट काढला आणि उजवं कोपर पुढे केलं.

“हा कुणाचा?”

“माझा,” मी म्हणालो.

“तुझी आईही तेच म्हणाली. तुमच्याकडून कोट घेऊन आलो त्याच आठवड्यात इथं आली, आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे धाकट्याचं काम. घट्ट मारतो मेला, नेहमीची घाई.”

मी स्टुलावर बसलो. घड्याळजी पुढे सांगू लागले.

“मी म्हटलं, मग त्याला बोला की. तर म्हणते, कशाला? सुई काढून घेतली असती तर मी चार दिवसांत आटपले असते. करू दे बापडा. मी हल्ली टोक दाबतच नाही, मोकळं सोडते. एका ओढीत निघतं, कापडालाही जाच नको आणि त्यालाही.”

ताई, तिचे टाके एका ओढीत निघायचे हे खरंय. मी समजत होतो, हातातली ताकद गेली. रोज दुपारी तो धागा अलगद निघायचा आणि मला तिची कीव यायची. ती पलीकडे खरंच झोपलेली असायची की नाही, हे आता कुणाला विचारू?

मग घड्याळजींनी कोटाचा खिसा उलटा केला. जायच्या तीन आठवडे आधी आई त्यांच्याकडे गेली होती. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग मागून घेतलं, दुकानातच बसली आणि खिशाच्या कडेचं भोक भरलं. सगळी सकाळ लागली तिला. “हा माझ्या नावाचा राहू दे, घरी न्यायचा नाही,” असं बजावून गेली. रफू वाकडा आहे, कुणालाही दिसेल इतका. पण टोक मागे वळवून दाबलेलं आहे, पूर्वीसारखं. मी नखाने हलवून पाहिलं. हललं नाही.

कोट द्या म्हणालो. नवा शिवून देतो म्हणालो. म्हातारा ऐकेना. “बहिणीला म्हणावं, ये आणि बघ. दहा ते सहा मी याच कोटात असतो.” पण याच महिन्याच्या पंचवीसला ते दुकान बंद करून मुलीकडे राहायला जाताहेत, कोटासकट.

तेव्हा पाठवण्याजोगं माझ्याकडे काही नाही. चिमणीला घेऊन तूच ये. दाजींना जमलं तर तेही. मला काय बोलायचं असेल ते घरी बोल, मी या वेळी गप्प बसणार नाही. पण आधी सरळ घड्याळजींकडे जा. मी बरोबर नसलो तरी चालेल. डाव्या हाताचा खिसा आहे.

पंचवीस तारखेनंतर उशीर होईल.

तुझा भाऊ,
ज्याचं काम आईच्या बोटाला कळायचं