अंगठी न होणारी माती

प्रिय केतू,

सौंसरहून पत्र आलेलं पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, माझी तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, तेवढंच. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या आणि यशवंतभाऊजींच्या घरात भिंत एकच, आणि या दिवसांत दारं उघडीच असतात. शिवाय फोनवर तू रडायला लागलीस की मी बोलायची थांबते. कागदावर थांबणार नाही.

बाबांच्या बरसीची पत्रिका तुला भाऊजींच्या राजूने मोबाईलवर पाठवली असेल. तिच्यात बाबांच्या फोटोपेक्षा तुझ्या काकांचा फोटो मोठा आहे, हे तू पाहिलंच असशील. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून भाऊजींना पुढारी व्हायचं आहे. सकाळी वावरात बाबांच्या झाडाजवळ त्यांच्या नावाच्या पाटीचं अनावरण, ते तुझ्या हातून. मग दोन भाषणं. मग सगळ्यांना गाड्यांमध्ये बसवून जामसांवलीला मारुतीचं दर्शन आणि परत येऊन जेवण. ती पत्रिका मी उलटी करून ठेवली आहे. राग म्हणावा तर राग नाही. किळस आहे. सख्ख्या दिराबद्दल हा शब्द लिहू नये, पण दुसरा शब्द मला येत नाही.

तुला आठवते का मातीची अंगठी? तू पहिलीत असशील. बाबा शाळेत शिकवून आले की तुला सायकलवर पुढे बसवून वावरात न्यायचे. रस्त्याकडच्या खालच्या वावरातली काळी माती ओली करून तळहातावर वळायचे, तिची बारीक वात करायचे आणि तुझ्या बोटाला अंगठी घालायचे. ती मोडायची नाही. मग वर बरडीवर, त्या मुरमाड चढावर, न्यायचे आणि तिथली माती तुझ्याच हातात द्यायचे. तू कितीही वळलीस तरी ती भुरभुरून गळून जायची आणि तू चिडून रडायचीस. बाबा म्हणायचे, “अवं, ही माती कोणाला धरून ठेवत नाही. पाणी आलं, प्यायली, खाली सोडलं. म्हणून आपल्या विहिरीला पाणी हाय अन् म्हणून संत्रा हाय.” खालची माती पाणी सोडत नाही. पाऊस पडला की वरचं पाणी वरच उभं राहतं, उरलेलं रस्त्याच्या नालीत जातं. उन्हाळ्यात तीच माती अशी फाटते की भेगेत हात जावा. तिथे कापूस चांगला होतो, तूर होते. संत्रा होत नाही, मुळं सडतात. हे आपल्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. भाऊजींना माहीत आहे, राजूला माहीत आहे, भाषणं करायला येणार आहेत त्या सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांच्या बागा आहेत.

मागच्या वर्षी अस्थी नर्मदेला गेल्या आणि राख वावरात ठेवून झाड लावायचं ठरलं, तेव्हा तू म्हणालीस, बाबांचं झाड संत्र्याचंच पाहिजे. बरोबर म्हणालीस. मलाही तेच हवं होतं. जागा तू निवडली नाहीस, हे लक्षात ठेव. तू आत माझ्याजवळ बसली होतीस आणि बाहेर ओट्यावर भाऊजी म्हणत होते, “बरडीवर कोण जाऊन पाहणार? रोडवरून दिसलं पाह्यजे. केवढा मोठा माणूस होता आमचा भाऊ!” ऐन आषाढात रस्त्याच्या कडेला खड्डा खणला. खणता खणताच त्यात पाणी साचलं. त्या पाण्यात बाबांच्या राखेचं मडकं लाल फडक्यासकट ठेवलं, वर रोप लावलं, फोटो काढले, आणि तू पुण्याला गेलीस.

नंतरचं तुला कोणी सांगितलं नाही. पोळ्यापर्यंत त्या खड्ड्यातलं पाणी हटलं नाही. त्यावर हिरवी साय धरली, डास झाले, बेडकं झाली. वास असा की दिपाली तण निंदायला यायची, ती पदर नाकाला लावून त्या बाजूने जायची. दिपालीचा स्वभाव तुला माहीत आहे, ती कशालाही नाक मुरडत नाही. रोपाची पानं पिवळी पडली आणि गळली. एक दिवस मी ते हाताने ओढलं तर अलगद वर आलं. मुळांची साल ओल्या कातड्यासारखी माझ्या बोटांना लागून सुटली. मी तिथेच ओकले.

राजूला सांगितलं, तर तो म्हणाला, “काय मोठीआई, झाडच तर हाय! दुसरं लावून टाकतो ना.” त्याने दुसरं लावलं, तेही गेलं. दिवाळीत त्याने तुला पाठवलेला फोटो दुसऱ्या झाडाचा होता. संक्रांतीला आला तो तिसऱ्याचा. तू लिहिलं होतंस, बाबा किती वाढले! राजूने ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि घरात हसू झालं. तिसरं झाड तर त्याने नर्सरीच्या प्लास्टिकच्या पन्नीसकटच खड्ड्यात बसवलं आहे, म्हणजे मेलं की उचलायला सोपं. मी बघत होते, तर मला म्हणाला, “बाजूला व्हा जरा, फोटोत तुमची सावली येऊन राहिली.”

एवढंही मी गिळलं असतं. तुला माहीत आहे, मी कोणाला काही बोलत नाही. पण वैशाखात ती जमीन फाटली. झाडाच्या बुंध्याजवळून मोठी भेग गेली आणि भेगेतून लाल फडकं दिसायला लागलं. मडकं फुटलेलं होतं. मी राजूला बोलावून दाखवलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, टोपलंभर मुरूम आणून भेगेत ओतला आणि वरून पायाने दाबला. पायात चप्पल होती, केतू. दाबताना तो फोनवर मंडपवाल्याशी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी मोटर लावून त्या खड्ड्यावर पाणी सोडलं, कारण सुकलेली ती माती फावड्याला ऐकत नाही. भर दुपारी सगळे झोपले होते तेव्हा मी आणि दिपाली गेलो. पन्नीतलं झाड बाजूला ठेवलं. पुन्हा तोच वास आला. दिपाली म्हणाली, “बाई, तुम्ही हात नका लावू, मी काढतो.” मी म्हटलं, हे माझं आहे. राख आता वेगळी राहिलेली नव्हती. काळ्या चिकट गोळ्यांत कुठे कुठे करडी रेघ दिसत होती, आणि फडक्याचे तुकडे. जेवढं करडं दिसलं तेवढं मी हाताने काढून घमेल्यात घेतलं. खरं सांगते, त्या चिखलाची मला जराही किळस आली नाही. मग ते बरडीवर नेलं, बाबांनी स्वतः लावलेल्या पहिल्या ओळीत, विहिरीकडच्या झाडापाशी. तिथल्या भुसभुशीत मातीत ते गोळे फोडून मिसळले आणि वर एक बादली पाणी ओतलं. मी रिकामी बादली खाली ठेवते तोवर पाणी आत गेलेलं होतं. दिपाली म्हणाली, “घ्या, मास्तर लागले कामाले.” वर्षभरात मी पहिल्यांदा हसले.

खालचं झाड आम्ही परत होतं तसं ठेवून दिलं. राजूला कळलेलं नाही. त्याखाली आता काही नाही.

म्हणून हे लिहिते आहे. त्या दिवशी मंडपात तुला पुढे बोलावतील आणि पाटीवरच्या पडद्याची दोरी तुझ्या हातात देतील. ती तू धरू नकोस. भांडू नकोस, कोणाला काही सांगूही नकोस, भाऊजींचं तोंड मला चारचौघांत पाडायचं नाही. ती दोरी त्यांनाच ओढू दे. तू आणि छोटी मृणाल आदल्या दिवशीच या. गाडी रस्त्यावर थांबवू नका, मोहगावकडून विहिरीच्या वाटेने वर घ्या. मी तिथेच असेन. पण समजा मला उशीर झाला आणि ओळीतलं झाड तुला ओळखू आलं नाही, तर कुठल्याही बुंध्याजवळची मूठभर माती ओली करून मृणालच्या हातात दे आणि तिला अंगठी करायला सांग. अंगठी झाली नाही आणि तुझी लेक तुझ्यासारखी चिडून रडायला लागली, की तिथेच नमस्काराला वाक.

बरडीवर वाट पाहणारी,
तुझीच
आई