वाघबारशीला संपणारा परवाना

२१ ऑक्टो. १९७८, नाशिक रोड
“पाड्यावरच्या आयाबायांनो, बिबट्या तुमची लेकरं अंगणातून उचलतो आणि सरकार नुसता पंचनामा करतं!” पेठकडच्या सभेत मी भाषणाची सुरुवात अशी केली होती. टाळ्या. मग ठकी उठली. चार वर्षांची लेक बिबट्याने नेलेली तिची. “मास्तर, बोलता लय झ्याक. बंदूक हाय ना तुमच्याकडं?”
आहे. आज वनखात्याचा तो बिबट्या मारण्याचा परवानाही मिळाला. मुदत २८ पर्यंत.

२३ ऑक्टो.
दिवेलागणीला रायफलीच्या नळीवरची नेमाची माशी दिसेनाशी होते. डोळे गेले वाचण्यात. देवळालीच्या निवृत्त सुभेदारांनी आपली दुर्बीण दिली, ती वर्कशॉपात रायफलीवर बसवून घेतली. आता बोल्टचा दांडा वर उचलला की दुर्बिणीलाच अडतो. गोळी भरताच येत नाही! सुभेदार म्हणतात, “भाषणानंच मारा त्याला.”

२५ ऑक्टो.
खाली ठोकळे घालून दुर्बीण उंच केली. दांडा सुटला, पण दस्त्याला गाल टेकला की डोळा खालीच राहतो. सौ.ने जुन्या लुगड्याची घडी दस्त्यावर बांधली. “जन्मभर मान ताठ ठेवलीत, आता जरा टेका.”
दोन दिवस यातच गेले.

२७ ऑक्टो., पाडा
तीन गोळ्या नेम जुळवण्यात गेल्या. तिसरी मडक्यावर बसली. दोन शिल्लक.
काल बिबट्या ठकीच्या दारापर्यंत आला होता. कुडाला ओरखडे. आत तिचं तान्हं. उद्या मचाणावर बसायचं.

२८ ऑक्टो.
पाड्यावरच्यांनी मचाणाची शिडी काढून ठेवलीय! आज वाघबारस, इथं वाघ-बिबट्याला पुजायचा दिवस. माझ्या कॅलेंडरात नुसती वसुबारस. पोरं वाघ-अस्वल होऊन नाचताहेत. वेशीवरच्या वाघदेवाला शेंदूर लावला, नारळ फोडला, तोही ठकीने.
मी गरजलो. लेकरं खाणारा कसला देव? कुणी चिडलंसुद्धा नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.
ठकी म्हणाली, “आजचा दिस त्याचा. उंद्या मारा. बकरी घेऊन मी बसते.”
“कागद आजच संपतो, बाई!”
“कागद तुमच्याच लोकांचा ना? सांगा त्याला थांबाया.”

संध्याकाळ
बिबट्या ओढ्यापलीकडे आला. दुर्बिणीत मान, खांदा, सगळं स्वच्छ. बोट घोड्यावर. शेजारी बसलेल्या ठकीने नळीवर हात ठेवला. काढला नाही. बिबट्या करवंदीच्या जाळीत शिरला, तिच्या घराच्या अंगाला.
रेंजरसाहेबांकडे सायकलवरून माणूस धाडतोय. चिठ्ठीत भाषण नाही. साहेब, मुदत एक दिवस वाढवा. आत्ता सही करा.