फी माफ आहे की

प्रिय दानू,

शिबिरात तुम्हा मुलींचे फोन काढून घेतले हे ऐकून तुझे पप्पा हळहळले. मी मात्र मनातल्या मनात त्या शिबिरवाल्यांना दुवा दिला. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. दोन वाक्यं झाली की "आई, मुद्द्यावर ये" म्हणतेस. आता म्हण बघू. स्वप्नालीचे वडील रविवारी तिला भेटायला नाशिकला निघालेत. त्यांच्याबरोबर हे पत्र, चटणीचा डबा आणि तुझा गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवतेय. पट्टा तू उशीखाली विसरून गेलीस. मी विसरले असते तर घर डोक्यावर घेतलं असतंस.

इकडं सगळं बरं आहे. अक्का अजून गडहिंग्लजला परत गेलेल्या नाहीत. तुझ्या पप्पांना थोरल्या बहिणीपुढं बोलता येत नाही, त्यामुळे दुकानातून आले की ते गुपचूप पेपर वाचतात आणि घराचा कारभार अक्कांकडं असतो. पुण्याची माणसं येऊन गेली त्या दिवसाची चर्चा पेठेत अजून चालू आहे. तू प्रॅक्टिसवरून येईपर्यंत काय काय घडलं हे तुला कुणी नीट सांगितलेलंच नाही, तर आधी ते ऐक.

घरात अक्का एकट्याच होत्या. गाडीतून चांगले कपडे घातलेली एक बाई आणि एक गृहस्थ उतरले, दानेश्वरीचं घर हेच ना, म्हणून विचारलं. आता रविवारची सकाळ, घरात लग्नाच्या वयाकडं झुकलेली मुलगी, दारात परगावची गाडी. अक्कांनी दुसरा विचारच केला नाही. सतरंजी काढली, पोहे भिजवले आणि शेजारच्या पोराला मला बोलवायला माझ्या कॉलेजच्या हॉस्टेलवर पिटाळलं. मी धापा टाकत आले तोवर त्या बाई विचारत होत्या, दानेश्वरीची उंची किती, वडील किती उंच, मामा किती उंच, घराण्यात गुडघ्याचं दुखणं कुणाला आहे का. अक्का खुशीत सगळी उत्तरं देत होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माणसं चोखंदळ हाईत. खानदान बघत्यात." आणि मग त्यांनाच उलट विचारलं, "आमचं सगळं इचारलासा, तुमचा पोरगा काय करतोय ते सांगा की."

ते गृहस्थ गोंधळून बाईंकडं बघायला लागले. बाईंच्या मात्र ध्यानात आलं. तेवढ्यात तू मागच्या दारानं आलीस, आणि अक्कांनी तुला धरून खेळाच्या कपड्यांवरच स्वतःचं इरकल नेसवलं. नडगीपर्यंत आलेलं ते लुगडं, खाली बूट, हातात पोह्यांचा ट्रे. बाहेर बसलेल्या बाई तुझी बास्केटबॉलची फायनल बघायला आलेल्या त्याच, हे पाहून तुझा ट्रे कलंडायला आला होता. मला आठवलं की अजून हसू येतं. पण अक्का तेव्हा अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या होत्या, "पोरगी ताडमाड हाय म्हणून न्हाय म्हणू नगासा. हाताला लई चव हाय तिच्या." यावर बाई काय म्हणाल्या ते तू ऐकलंस की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "आजी, आम्ही ती उंची बघूनच आलोय." अक्कांनी मान वर करून तुझ्याकडं बघितलं. तुझ्या उंचीसाठी कुणी एवढा प्रवास करून येईल हे त्या बिचारीच्या कधी मनातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. पुण्याच्या कॉलेजात खेळाच्या कोट्यातून जागा, फी नाही, राहणं-जेवण त्यांचं. तू विचारलंस, गुडघा गेला तर? बाईंनी आडपडदा ठेवला नाही, खेळणं थांबलं तर सवलत थांबते म्हणाल्या. मग तू माझ्याकडं बघितलंस आणि सांगितलंस, "मी इथंच शिकणार. आईच्या कॉलेजात मला फी माफ आहे." बाई म्हणाल्या, शिबिराहून परत आलीस की शेवटचं काय ते कळव. त्या गेल्यावर पप्पा दुकानातून आले, सगळं ऐकलं आणि पेपर उघडून बसले. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या संध्याकाळी माझ्यासारखी सुखी बाई मंगळवार पेठेत दुसरी नव्हती.

कारण तू तान्ही असताना मी या कॉलेजात चिकटले ते त्या एका नियमासाठी. कायम कर्मचाऱ्याच्या मुलाला इथं पदवीपर्यंत फी नाही. गगनबावड्याच्या निवासी शाळेनं मला दोनदा बोलावलं होतं. तिथलं धुकं, ती हिरवाई मला किती आवडते हे तुला ठाऊक आहे. पण मी मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर म्हणून इथंच राहिले, डब्यात झुरळ निघालं म्हणून रडणाऱ्या आणि खिडकीतून पळू बघणाऱ्या पोरींना ओरडत. तुझ्या वेण्या घालताना तुला सांगत राहिले की माझ्या दानूच्या शिक्षणाची काळजी नाही. ते मी आजही अभिमानानंच सांगेन.

पण पुण्याची माणसं यायच्या आधीची एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. मी तुझी फायनल बघायला आले होते.

संध्याकाळची हजेरी मी कधी कुणावर सोपवत नाही. त्या दिवशी हॉस्टेलच्या किल्ल्या माझ्या हाताखालच्या स्नेहलच्या हातात ठेवल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, डोक्यावरून पदर घेऊन बसले, तुला दिसू नये म्हणून. पुढ्यातच आपल्या पेठेतली, तालमीच्या फुटबॉल टीममधली पोरं होती. फुटबॉल सोडून जगात दुसरा खेळ आहे हे त्यांना मान्य नाही. टिंगल करायलाच आली होती.

घरात तू मला दिसतेस ती पोक काढलेली. माळ्याला डोकं लागतं, चौकटीला लागतं, लग्नाच्या फोटोत तू गुडघे वाकवून मागं उभी राहतेस. तिथं तू सरळ उभी होतीस. एवढी उंच मी तुला तोवर पाहिलेलीच नव्हती. खेळातलं मला काही कळत नाही, जे दिसलं ते सांगते. शेवटी शेवटी बॉल तुझ्याकडं आला आणि तू थांबलीस. नुसता आपटत राहिलीस, सावकाश, जणू घाई दुसऱ्या कुणाला आहे. समोरच्या सगळ्या मुली तुझ्या डोळ्यांकडं बघत होत्या. तू डावीकडं पाहिलंस, त्या डावीकडं सरकल्या, आणि बॉल उजवीकडं स्वप्नालीच्या हातात होता. तिच्याकडं तू वळलीही नव्हतीस. ती तिथं असणार हे तुला कसं कळलं, दानू? मी गणपतराव सरांना नंतर विचारलं. तुला पाचवीपासून शिकवणारा माणूस म्हणाला, "वहिनी, हे मी शिकवलेलं न्हाय."

आणि मग ती उडी. तू वर गेलीस आणि वरच राहिलीस. मला ठाऊक आहे असं होत नसतं, वर गेलेलं माणूस लगेच खाली येतं. पण मला दिसलं ते असंच.  टिंगल करणाऱ्या पोरांतल्या एकानं हळूच विचारलं, "आरं, ही आपल्या पेठेतली हाय व्हय?" दुसरा म्हणाला, "व्हय की, दुकानवाल्या बाळाप्पाण्णांची पोरगी." सगळं मैदान ओरडत असताना मला टाळीसुद्धा वाजवता आली नाही. अंबाबाईच्या देवळात रांगेत उभं असताना पुढची गर्दी अचानक हटते आणि मूर्ती एकदम समोर येते, तेव्हा हात जोडायचंही सुचत नाही, तसं झालं. मी जगात कुणाला दबकत नाही, प्राचार्यांनाही नाही. त्या दिवशी माझ्या पोटच्या पोरीपुढं मला लहान वाटलं, आणि ते फार छान वाटलं. ही माझ्या हातची आमटी खाऊन वाढली, हे खरंच वाटेना.

तुझ्या आधी घरी पोचून मी भाकरी थापायला बसले. तू मेडल घालून आलीस, चौकटीशी वाकलीस आणि खायला काय आहे विचारलंस. मी तव्यावरची भाकरी तुझ्या ताटात घातली. 

आता मागच्या सोमवारचं सांगते. आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या सरांना मी सहज म्हटलं, पुण्याहून माणसं आली होती, दानूला न्यायला बघताहेत. सर चहा पीत होते. त्यांनी कप खालीसुद्धा ठेवला नाही. हसून म्हणाले, "तुमची कुठं जात्येय मॅडम? फी माफ आहे की."

दानू, ते वाक्य मी आयुष्यभर अभिमानानं म्हणत आले. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. पुण्याची माणसं एवढ्या लांबून आली, अक्कांचे पोहे संपवले, तुला तुझं मत विचारलं. आणि इथं माझ्या रोजच्या वाटेवर बसणाऱ्या माणसानं तुझी एकही मॅच पाहिलेली नाही, पाहायची गरजही त्याला वाटलेली नाही. घरचीच आहे, येतेय की, असा हिशोब. मी तशीच उठून कॉलेजच्या बास्केटबॉलच्या ग्राउंडवर गेले. इतकी वर्षं तिथून जातेय, पण बघितलं त्या दिवशी. एका रिंगला जाळी नाही. दुसऱ्या खांबाला माझ्याच हॉस्टेलच्या पोरींनी दोरी बांधून चादरी वाळत घातलेल्या. मधे स्टाफच्या दुचाक्या. मी त्या गाड्यांमधे उभी राहिले आणि तुझी ती उडी तिथं मारून बघितली, मनातल्या मनात. मारता येईना.

तू पुण्याच्या बाईंना नाही का म्हणालीस ते मला कळतं. गुडघ्याचं भय आहेच, पण तू माझ्याकडं बघून नाही म्हणालीस. आईनं गगनबावडा सोडला, एवढी वर्षं चादरी आणि हजेऱ्या मोजल्या, ते सगळं वाया जाईल असं तुला वाटलं. वाया कसं जाईल, वेडे? मी कमावून ठेवलंय ते तू वापरलंच पाहिजेस असं कुठं आहे.

तर आता आलेच मुद्द्यावर. काल मी पुण्याच्या बाईंना फोन केला आणि सांगितलं, मुलगी परत येईपर्यंत तिची जागा कुणाला देऊ नका, आईची हरकत नाही. पप्पांना विचारलं होतं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "जाऊ दे की पोरीला," आणि पुन्हा पेपर वर धरला, डोळे दिसू नयेत म्हणून. हो की नाही ते तूच बाईंना सांगायचं, पण माझ्या तोंडाकडं बघून नाही. म्हणून तर पत्र लिहिलं. आमच्या ऑफिसातही विचारून आले. मी नोकरीत आहे तोवर तुझी सवलत कुठं जात नाही, मधल्या वर्षी आलीस तरी मिळते. गगनबावड्याच्या शाळेनं यंदा पुन्हा विचारलं होतं, त्यांना मी नकार कळवलाय. हॉस्टेलच्या किल्ल्या माझ्याकडंच राहणार आहेत. तू तिकडं जा आणि गुडघ्याचा विचार न करता हवी तेवढी उंच उडी मार. आणि उद्या काही झालंच, पाय दुखावला, मन रमलं नाही, नुसती आईची आठवण आली, तर कुणाला काही सांगत बसू नकोस. कोल्हापूरची एसटी पकड आणि सरळ ये. इथं तुला फी माफ आहे की.

चौकटीशी आता वाकू नकोस, पप्पा ती वर घ्यायला सुताराला बोलावणार आहेत.

तुझी वाट न बघता किल्ल्या सांभाळून बसलेली,
तुझीच,
आई