सहा मिनिटांची नोंद

९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तू गेल्यापासून घर शांत झालंय असं तुझी वहिनी म्हणते. ती हे तक्रार म्हणून सांगते की समाधान म्हणून, ते मी विचारलेलं नाही.

आता मुद्द्याचं. मंगळवारी टेकडीवर आपण जे पाहिलं, ते मी काल हवाई दलाच्या तळावर जाऊन कळवून आलो. रागावू नकोस. चार दिवस स्वतःशी हुज्जत घालून मगच गेलो. पाण्याच्या टाकीसाठी जागा मोजायला आपण वर गेलो होतो, दुर्बीण तिपाईवर नीट बसवलेली होती, दुपारचे सव्वातीन वाजून गेलेले, आभाळ निरभ्र. आणि समोरच्या डोंगराच्या धारेवर मसुराच्या दाण्यासारखी चपटी, राखाडी वस्तू सहा मिनिटं एका जागी उभी. आवाज नाही, धूर नाही, पंख नाहीत. मग सरळ वर निघून गेली. सत्तावीस वर्षं जमिनी मोजतोय मी. जे दिसलं ते कागदावर न मांडता गप्प बसणं मला जमत नाही. शिवाय तळ तिथून जेमतेम नऊ किलोमीटर. उद्या काही भलतंसलतं निघालं तर पाहूनही बोललो नाही असं व्हायला नको.

दारावरच्या शिपायाने आधी विचारलं की तक्रार शेजाऱ्याबद्दल आहे का. मग तासभर बाकावर बसवून ठेवलं. शेवटी एक तरुण अधिकारी आला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. चार पानी अर्ज भरून घेतला. मी 'तबकडी' हा शब्द मुद्दाम टाळला, फक्त वेळ, दिशा आणि उंचीचे अंश दिले. अन्य साक्षीदाराच्या रकान्यात तुझं नाव आणि शाळेचा पत्ता लिहिला. तुला आधी विचारायला हवं होतं, चुकलंच. पण विज्ञान शिकवणाऱ्या बाई सोबत होत्या म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा पेन नीट धरलं. कुणी विचारायला आलंच तर जे पाहिलंस ते सांग.

लोभ आहे तेवढा राहू दे. जास्त झाला तर सांभाळायचा कुठे?
तुझा,
दादा

*

२१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. शाळेत नुसती धावपळ आहे. मोठ्या बाई मार्चअखेर निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागी माझं नाव चाललंय. संस्थेच्या मंडळाचे लोक दर दोन दिवसांनी येतात, वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि मी फळा पुसला तरी काहीतरी टिपून घेतात. प्रयोगशाळेच्या मोडक्या कपाटाला बावीस वर्षांत पहिल्यांदा कुलूप लागलं. आता किल्ली कुणाकडे आहे ते शोधणं चालू आहे.

तुझा खोकला कसा आहे? तिथे होते तेव्हा औषध माझ्या धाकाने घेत होतास, आता नक्की बाटली तशीच असेल. वहिनीला म्हणावं, पाठ फिरवू नकोस, समोर उभी राहून पाज.

हो, तळावरचे अधिकारी शाळेत येऊन गेले. दोन-तीन प्रश्न विचारले, मी सुचेल ते सांगितलं, ते गेले. दादा, आता हा विषय वाढवू नकोस. लोकांना बोलायला काहीही पुरतं.

माझ्या हातून काही कमीजास्त झालं तरी माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
बारकी

*

८ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तळावरून पत्र आलं. त्यात लिहिलंय की मी नाव दिलेल्या साक्षीदार त्या वेळी टेकडीखाली सावलीत वाचत बसल्या होत्या, त्यांनी काही पाहिलेलं नाही, आणि एकट्या माणसाच्या सांगण्यावर पुढे काही करता येत नाही.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या सांगण्यात आणि त्यांच्या लिहिण्यात काही घोटाळा झाला असेल. किंवा माझीच गल्लत असेल. वय झालं की माणूस आठवणीत आपल्याला हवी ती माणसं शेजारी उभी करतो म्हणतात. परवा तळावर जाऊन सांगून आलो की साक्षीदाराचं नाव माझ्याकडून चुकून पडलं. तेव्हा तुला आता कुणी त्रास देणार नाही.

इथल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. कुणी दिल्या कोण जाणे. ऑफिसात पोरांनी माझ्या टेबलावरच्या पंख्याला स्टीलची ताटली दोऱ्याने टांगली. मी ती सोडवली आणि दुपारी त्यातच जेवलो. हसून घेतलं की माणसं लवकर कंटाळतात.

तुझ्या नेमणुकीचं काय ते लगेच कळव. इकडची काळजी नको.

आठवण ठेव, आणि जमलं तर दोन ओळी जास्त लिहीत जा.
तुझा,
दादा

*

२ एप्रिल

चि. बारकीस,
अ. आ.

हे पत्र तुझ्या दादाला न सांगता लिहितेय. मुख्याध्यापिका झालीस, फार बरं वाटलं. तो तर ऑफिसात दिसेल त्याला सांगत सुटला होता. पंधरा दिवसांत त्याच्या तोंडावर पाहिलेलं तेवढंच हसू.

आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्या बाई तुला आठवत असतील, तुझी साडी जाळून वर तुलाच ओरडल्या होत्या त्या. नवरा गेल्यावर त्यांच्या दिराने दुकानामागच्या जमिनीच्या पट्टीवर भिंत घातली. प्रकरण कोर्टात गेलं. मोजणी तुझ्या दादाची होती आणि पट्टी बाईंची निघाली होती. गेल्या महिन्यात त्याची साक्ष झाली. दिराच्या वकिलाने मोजणीबद्दल चकार शब्द काढला नाही. ते चार ओळींचं कात्रण काढलं आणि आभाळातल्या वस्तूबद्दल विचारलं. पुढे काय झालं ते तो सांगत नाही. ऑफिसच्या शिपायाकडून एवढंच कळलं की त्याची मोजणी कोर्टाने बाजूला ठेवली आणि बाई पायऱ्यांवर बसून राहिल्या.

आता त्याला बाहेरच्या कामावरून काढून नकाशांच्या खोलीत बसवलंय. दिवसभर जुने नकाशे झटकतो आणि खोकतो. रविवारी बघते तर फीत घेऊन स्वयंपाकघराचं दार मोजत होता. तिसऱ्यांदा.

त्याची पिशवी झटकायला घेतली तर मोजणीची वही हाती लागली. तुम्ही टेकडीवर गेलात त्या मंगळवारचं पान काढलं. अर्ध्या पानापर्यंत त्याचं अक्षर, खाली तुझं. तीन वाजून सतरा, उंची एकवीस अंश, स्थिर. अठरा, स्थिर. अशा सात ओळी. सातच्या पोटात आडवी रेघ मारणारी आपल्या घरात तूच. म्हणजे तो दुर्बिणीला डोळा लावून सांगत होता आणि तू शेजारी उभी राहून लिहीत होतीस.

त्याला विचारलं. म्हणाला की दुसऱ्यांदा तळावर गेलो तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं होतं, त्या वेळी काही लिहून ठेवलंय का. आणि याने नाही म्हणून सांगितलं. का, तर पोरीच्या नेमणुकीचं याच महिन्यात ठरतंय. तुला कळू देणार नाही अशी मला शपथ घातली. मी ती मोडतेय.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते. लिहवत नाही.

लोभाचं नंतर बघू.
वहिनी

*

१० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र आलं. तिला काही बोलू नकोस. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

मी पाहिलं, दादा. तू दुर्बिणीतून पाहिलंस, मी उघड्या डोळ्यांनी. तुझा डोळा काचेला होता म्हणून तुला न दिसलेलं एक मला दिसलं. त्या वस्तूची सावली डोंगराच्या उतारावर पडली होती. लांबट, कडेने स्पष्ट. त्या सावलीतून शेळ्या चालत गेल्या आणि एकीनेही मान वर केली नाही. हे मी तेव्हा तुलाही बोलले नाही. बोलले असते तर ते खरंच घडलं असं झालं असतं, आणि मला तेवढं नको होतं.

अधिकारी आले तेव्हा मोठ्या बाईंच्या खोलीत मंडळाचे तिघे बसले होते. त्यांनी मला तिथेच बोलावलं. अधिकाऱ्याने आवाज खाली ठेवून, फार सभ्यपणे विचारलं. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात मंडळाचे एकजण म्हणाले की आता आमच्या विज्ञानाच्या बाईंनाही तबकड्या दिसतात की काय. आणि मी म्हणाले, मी खाली सावलीत वाचत बसले होते. खोटं बोलताना जीभ अडखळते असं मला वाटायचं. अजिबात अडखळली नाही. कोणतं पुस्तक वाचत होते तेही मी न विचारता सांगितलं. मग ते गृहस्थ म्हणाले की भावाचं आता आकाशात काहीबाही दिसायचं वय झालं, आणि सगळे हसले.

दादा, त्यात मीही हसले. खोटं बोलल्याचं एकवेळ विसरेन, हे हसणं मला विसरता येत नाही. बाबा गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून तू मला शिकवलंस, त्या शिक्षणावर मिळालेल्या खुर्चीसाठी मी तुला हसले. अधिकारी मात्र हसला नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. त्याला कळलं होतं असं मला वाटतं.

सोमवारी तळाला सविस्तर पत्र पाठवलं, सावलीसकट. एक प्रत मंडळाला दिली. तू ती वही त्यांना दे, माझी हरकत नाही, उलट विनंती आहे. अध्यक्षांनी बोलावून सांगितलं की पत्र मागे घ्या, नाहीतर नेमणुकीचा फेरविचार करावा लागेल. मी मागे घेतलं नाही. आज सकाळी दारावरची माझी पाटी काढली. मी परत आठवीच्या वर्गावर. यात मोठेपणा काही नाही, त्या खुर्चीत मला बसवतच नव्हतं.

क्षमा कर, असं लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

तुझ्या मायेवर माझा हक्क उरला असेल तर दोन ओळी पाठव.
बारकी

*

२६ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही ते रागाने नाही. तू क्षमा मागितलीस आणि ती करायच्या लायकीचा मी नव्हतो.

कोर्टात काय झालं ते तुझ्या वहिनीला माहीत नाही. वकिलाने कात्रण दाखवून विचारलं की अशी वस्तू तुम्ही पाहिली का. कोर्ट भरलेलं होतं, मागे कुणीतरी शीळ घातली. मी म्हणालो, नाही, ऊन होतं, भास झाला असेल. शपथ घेऊन म्हणालो. मला वाटलं, विषय मिटेल. त्याने शांतपणे विचारलं की भासाचे अंश आणि मिनिटं मोजून सैन्याला लेखी देणाऱ्या माणसाच्या बाकीच्या आकड्यांचं कोर्टाने काय करायचं. बाईंची पट्टी गेली ती तुझ्यामुळे नाही आणि त्या वस्तूमुळेही नाही. पाहिलं, मोजलं, काय होतं ते माहीत नाही, एवढं म्हणालो असतो तर लोक हसले असते, पण मोजणी टिकली असती.

तुझं पत्र वाचून पहिला विचार आला तो हा की बारकीने आधी केलं. मग मीही उठलो. वही तळावर नेऊन दिली. त्याच अधिकाऱ्याने दोन्ही अक्षरं पाहिली आणि पोच दिली. आधी 'नाही' का म्हणालात, असंही विचारलं नाही. चार दिवसांनी उत्तर आलं की वस्तूची ओळख पटलेली नाही, नोंद ठेवली आहे. बाकी काही नाही.

काल कोर्टात जाऊन माझं म्हणणं दुरुस्त करून दिलं. न्यायाधीशांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की आज खरं बोलताय हे कशावरून समजायचं. प्रश्न योग्यच होता. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर काय करायचं ते पुढच्या तारखेला ठरेल. पट्टीची मोजणी दुसऱ्या ऑफिसचा माणूस नव्याने करणार, मी तिथे पाय ठेवायचा नाही.

बाहेर इस्त्रीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे खरं काय ते तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" मी मान हलवली. त्या पिशवी उचलून निघून गेल्या. आज सकाळी मी चौकातून न येता लांबच्या रस्त्याने ऑफिसला आलो.

तुझ्यावर माझा राग नाही. कुठल्या तोंडाने धरू? राग तुझ्या वहिनीला आहे, आणि तो माझ्या बाजूने आहे. रोज जेवताना ती म्हणते की सख्ख्या भावाला कुणी असं करतं का. मी ऐकून घेतो. आणि बारके, मधून मधून मान डोलावतो.

हे पत्र नकाशांच्या खोलीत बसून लिहितोय. सुट्टी लागली की ये. तोपर्यंत दोघांत मिळून उरेल तेवढा लोभ असू दे. हे आधी पेटीत टाकतो, मग घरी जातो. पत्र तुझ्याकडे निघालं की तुझ्या वहिनीला कोर्टातलं न सांगता राहायची सोय उरणार नाही.
तुझा,
दादा