ज्याला लागतील त्याची लाकडं

आई,

मी आता लाकडं वाळवते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, कारण लग्न होऊन मुंबईला निघाले तेव्हा वीर स्टेशनात गाडीची वाट बघताना मीच म्हणाले होते, सुटले एकदाची या धुरातून आणि मोळ्यांतून. आता मुंबई सोडून परत आलो, आणि पोलादपूरच्या अलीकडे, आपल्या गावाजवळच, रस्त्याला लागून आमचं आवार आहे. शेतकरी काजूच्या, आकेशियाच्या, गिरिपुष्पाच्या फांद्या आणून टाकतात, यंत्र त्या गिळतं आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे भसाभसा बाहेर फेकतं. त्याला चिप म्हणतात. ती आम्ही सिमेंटच्या खळ्यावर भातासारखी पसरतो, उलथतो, आणि खडखडीत वाळली की महाडच्या कारखान्यात बॉयलरला धाडतो. म्हणजे चूलच ती, फक्त तिच्यावर भात शिजत नाही. तुझा जावई याला बिझनेस म्हणतो.

तुझी पडवी मला रोज आठवते. मिरगाच्या आत लाकडं भरली नाहीत तर तुला चैन पडत नसे. पुढे घरच्या जळणाची रास, आणि अगदी मागे, भिंतीपासून वीतभर सोडून, आंब्याच्या फोडलेल्या ओंडक्यांची वेगळी थप्पी. मी चौथीत असेन. पावसाने झड लावलीय, पुढची लाकडं सादळलीत, चूल नुसती धुमसतेय आणि तू शेतावर आहेस. मी मोठ्या शहाणपणाने मागचं एक लाकूड ओढून आणते आणि भात टाकते. तू आलीस, चुलीकडे बघितलंस, आणि जळतं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी ओतलंस. भात अर्धाकच्चा राहिला. "त्या लाकडांना हात लावायचा नाय गो. ती आपली नायत." मग कोणाची, मी रडत विचारलं. "ज्याला लागतील त्याची," तू म्हणालीस. मी रागाने जेवलेच नाही.

पावसात गावात कोणी गेलं की ओल्या लाकडांवर माणूस जळत नाही, म्हणून प्रत्येक घर आपल्या पडवीतलं सुकं लाकूड घेऊन नदीवर येतं, आणि सगळ्यांत आधी तुझी थप्पी निघते, हे मला पुढे कळलं. तू गेलीस तेव्हा श्रावण होता. तुझी थप्पी आदल्याच आठवड्यात दुसऱ्या कोणासाठी गेलेली. खालच्या आळीतली काकी, तुझी लावणीतली जोडीदारीण, प्लास्टिकच्या कागदाखाली डोक्यावर लाकडं घेऊन चिखलातून आली. "माझ्याकडचं हाय, सुकं हाय," एवढंच म्हणाली. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

आता घरोघर गॅस आला. पडव्यांत मोटारसायकली उभ्या असतात. पावसात गावाजवळ सुकं लाकूड उरलं ते आमच्याच शेडमध्ये. म्हणून शेड बांधली तेव्हापासून मीही मागच्या कोपऱ्यात आंब्याची थप्पी लावते. यंदा तिच्यावरूनच घरात वाजलं. पाऊस लवकर येणार म्हटल्यावर आम्ही ओलसर चिपचाच डोंगर केला आणि वर ताडपत्री आवळून बांधली. आपल्याकडच्या माणसाला पावसाआधी झाकाझाक केल्याशिवाय राहवत नाही ना! वारा मिळेना, ढीग आतून तापला. ताडपत्री काढली तर वाफा, आणि खाली सगळी बुरशी. कारखान्याने टेम्पो परत पाठवला. परवापर्यंत सुका माल आला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला, असा निरोप. शेडमध्ये थोडी सुकी चिप होती. त्यात थप्पी यंत्रात घातली असती तर टेम्पो भरत होता.

"अगो, गावात सगळे ठणठणीत हायत," तुझा जावई म्हणाला. "आपण धंदा करतोय, धर्मादाय नाय."

"पाऊस सरेपर्यंत नाही," मी म्हणाले. ऑर्डर गेली. कामावरच्या दोघींना घरी बसवावं लागलं. बाजारात त्या समोर आल्या की मला मान वर करवत नसे. आणि गंमत बघ, अख्ख्या पावसाळ्यात गावात कोणी गेलंच नाही. जेवताना हा मुद्दाम विचारायचा, "मग? हाय काय कोणाची बातमी?" मी ताट आपटायचे.

आज नरकचतुर्दशी. ज्या वर्षी तुझी थप्पी उरायची, त्या वर्षी या दिवशी पहाटे तू ती स्वतःच्या हाताने चुलीत घालून आमच्या आंघोळीचं पाणी तापवायचीस. तेव्हा तू इतकी खुशीत का असायचीस ते आम्हांला कळत नसे. आम्हांला वाटे, फराळ झाला म्हणून. पाऊस गेला, गाव शाबूत राहिलं, आणि लाकडं आपली झाली, हे कळायला मला माझी थप्पी उरावी लागली. मी ती टेम्पोत घातली आणि काकीकडे गेले. तिच्या मागीलदारी तीन दगडांवर हंडा चढवला, तिच्या वाकलेल्या पाठीला तेल चोळलं. ती डोळे मिटून म्हणाली, "आंब्याचा जाळ हाय ना? उरली म्हणजे यंदा. बरं झालं गो." आम्ही दोघी हसलो, आणि मग मला रडूही आलं.

हा कागद उद्या तिच्याच हंड्याखाली जाळ पेटवायला जाईल, कोणी वाचणार नाही, म्हणून हेही लिहिते. भाद्रपदात काकी तापाने फणफणल्याचा निरोप आला, तेव्हा चपला घालता घालता मी आधी शेडच्या कोपऱ्याकडे बघितलं. क्षणभर वाटलं, चला, लाकडं फुकट नाही गेली. मग धावत गेले, तीन रात्री तिच्या उशाशी बसले, आणि लोक म्हणाले, केवढी माया. माया होतीच. पण आधी मी कोपऱ्याकडे बघितलं. कोणाच्या दुखण्याची बातमी आली की तूही पडवीत मागे वळून बघायचीस का गो, आई?