सरांनी सांगितलेला हँडओव्हर

बुधवार, संध्याकाळ

कंपनीच्या बसमधून उतरले तरी डोक्यातून जात नाही. सर आज सकाळी जाता जाता म्हणाले, "शुक्रवारपर्यंत पूजाला तुमच्या कामाचा हँडओव्हर देऊन टाका." बोलताना मोबाइलमधून मान काही वर केली नाही.

आमच्या डिस्पॅचमध्ये हा शब्द रोजचाच. शिफ्ट संपली की हँडओव्हर, रजेवर निघालं की हँडओव्हर. काम दुसऱ्याकडं सोपवायचं आणि परत आलं की आपलं आपण घ्यायचं. पण मी रजा कुठं मागितलीय? बदली असेल? की थेट नारळच? तिथंच विचारायला हवं होतं. त्यांनी मान वर केली असती तर विचारलंही असतं.

पूजा सोयगावची, नवी, गुणी पोरगी. दुपारी तिला सगळं शिकवलं. गाडी वाटेत अडकली की ड्रायव्हर फोन घेत नाही, क्लीनरला लावायचा, हेसुद्धा. हे कळायला मला वर्षं गेली होती. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, मग तुम्ही कुठं चाललात?"

मी मोबाइल काढला. मान वर न करताच म्हणाले, "बघू."